साईज बरोबर घेतली तरी सायकल अंगाला बसत नाही: फ्रेमची मापं कुठून कुठे घ्यायची आणि कशानंतर काय तपासायचं

दुसऱ्यांच्या सायकली लावून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतेय आणि सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार एकच आहे, "चार्टमध्ये माझ्या उंचीला 54 सेंमी लिहिलंय, सायकलपण 54चीच घेतली, तरी चालवताना काहीतरी चुकतंय." बहुतेक वेळा फ्रेम खराब नसते, माणसाचं शरीरही वेगळं नसतं, तो 54 कुठून कुठपर्यंत मोजलाय हे कोणी बघितलेलं नसतं. म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवते, सोपं आणि फुकटचं आधी, अवघड शेवटी.

लक्षणं

हँडल लांब वाटतं, ब्रेकच्या हुडवर (खाली वाकलेल्या ड्रॉप हँडलवरच्या ब्रेकच्या रबरी मुठीवर) हात ठेवले की कोपरं ताठ होतात, खांदे कानाकडे चढतात आणि थोड्या वेळाने मान आखडते. तळहाताला, करंगळीला मुंग्या येतात.

किंवा याच्या उलट, कोंडल्यासारखं होतं, उभं राहून पेडल मारलं की गुडघे हँडलजवळ येतात, आणि सगळा भार सीटवर पडून कंबर धरते.

सीटवर बसलं की आपोआप पुढे सरकायला होतं, दर थोड्या वेळाने बूड मागे ढकलावं लागतं.

गुडघा पुढच्या बाजूने, वाटीजवळ दुखतो (सीट फार खाली किंवा फार पुढे असल्याची शंका घ्यायची) किंवा मागच्या बाजूने, लवणीत दुखतो (सीट फार वर किंवा फार मागे).

हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. उतारावर हँडल अस्वस्थ वाटतं, किंवा सरळ रस्त्यावर सायकल एका बाजूला ओढत राहते.

आणि माझ्या मते सगळ्यात बोलकं लक्षण म्हणजे जुनी सायकल याच नंबरची होती, ती छान बसायची, नवी त्याच नंबरची घेतली आणि ती बसत नाही. हे ऐकलं की मी पाना नंतर काढते, आधी टेप काढते.

पहिलं: तो नंबर नक्की कशाचा आहे ते बघा

याला काहीच लागत नाही, पण बरेचसे घोळ इथेच सुटतात.

सुरुवात चाकापासून करू, कारण "26ची सायकल", "29ची सायकल" असं आपण बोलतो तो आकडा चाकाचा असतो, फ्रेमचा नाही, आणि 29 म्हणजे 26पेक्षा उंच माणसासाठी असं समजून खरेदी करणारे खूप भेटतात. 29 इंची चाकाची छोटी फ्रेमही मिळते आणि 26 इंची चाकाची भली मोठी फ्रेमही असते. चाकाचं खरं माप टायरच्या बाजूवर छापलेलं असतं, 28-622 वगैरे, त्यातला तीन आकडी नंबर म्हणजे रिमवर टायरची कड जिथे बसते तिथला व्यास मिलिमीटरमध्ये. 559 म्हणजे माउंटन बाईकचं 26, 584 म्हणजे 27.5, आणि 622 म्हणजे 29 आणि रोड सायकलचं 700सी दोन्ही, हो, दोन्ही एकच रिम. जुन्या उभ्या सायकलींचं 28 इंची चाक 635चं असतं, आणि काही ठिकाणी 622लाही 28च म्हणतात, तेव्हा इंचावर जाऊ नका, तीन आकडी नंबर बघा.

आता फ्रेमचा नंबर. परंपरेने तो म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीची लांबी. खालचं टोक सगळ्यांचं एकच, बॉटम ब्रॅकेटचा मध्य, म्हणजे क्रँकचा (पेडलच्या दांडीचा) बोल्ट असतो तो बिंदू (पुढे नुसतं बीबी म्हणते). भांडण वरच्या टोकाचं आहे. काही कंपन्या उभी नळी आणि वरचा आडवा दांडा यांच्या मध्यरेषा जिथे मिळतात तिथपर्यंत मोजतात, याला सेंटर टू सेंटर म्हणतात. काही उभ्या नळीच्या वरच्या तोंडापर्यंत मोजतात, ते सेंटर टू टॉप. जुन्या पद्धतीच्या स्टीलच्या फ्रेममध्ये या दोन्हीत साधारण दीड-दोन सेंटिमीटरचा फरक पडतो, आणि उभी नळी दांड्याच्या बरीच वर आलेली असेल तर तीन-चार सेंटिमीटरचासुद्धा. म्हणजे एका कंपनीची 54 आणि दुसरीची 56 ही एकच फ्रेम असू शकते, आणि दोघीही खरं बोलत असतात.

त्यात दांडा तिरका झाल्यापासून हा नंबर आणखीच पोकळ झालाय. पूर्वी रेसिंग सायकलचा वरचा दांडा जमिनीला जवळपास समांतर असायचा, त्यामुळे उभी नळी मोजली की बाकीच्या फ्रेमचा अंदाज यायचा. 1990च्या दशकाच्या अखेरीस सायकल डिझायनर माईक बरोज यांनी जायंट कंपनीसाठी टीसीआर ही तिरक्या दांड्याची रेसिंग सायकल केली आणि मग हळूहळू जवळपास सगळ्यांनी तो आकार घेतला. दांडा तिरका केला की उभी नळी पाहिजे तेवढी आखूड करता येते, सीटपोस्ट जास्त बाहेर काढायचा की झालं, पण हँडल तिथेच राहतं. म्हणून आज 48 लिहिलेली फ्रेम जुन्या 54सारखी बसू शकते आणि एस, एम, एल तर प्रत्येक कंपनीचं आपापलं असतं.

तर या पायरीवर करायचं एवढंच, आपल्या मॉडेलचा आणि त्याच वर्षाचा जिऑमेट्री चार्ट, म्हणजे फ्रेमच्या मापांचा आणि कोनांचा तक्ता, शोधायचा (कंपन्या त्याच नावाखाली आकार बदलत राहतात, म्हणून वर्ष महत्त्वाचं), त्यातल्या चित्रात उभ्या नळीची रेघ कुठे संपते ते बघायचं, आणि स्वतःच्या सायकलवर टेप लावून ते जुळतंय का बघायचं. जुळत नसेल तर तुमची फ्रेम तुम्हाला वाटतेय ती साईजच नाही, आणि पुढचे बरेचसे प्रश्न तिथेच समजतात.

दुसरं: काही सरकलंय का

पहिले काही किलोमीटर बरं वाटतं आणि मग त्रास सुरू होतो, किंवा गेल्या महिन्यापर्यंत ठीक होतं आणि आता नाही, असं असेल तर जिऑमेट्रीच्या मागे लागायच्या आधी हे बघा. सीटपोस्ट जिथे फ्रेममध्ये शिरतो तिथे इलेक्ट्रिकल टेपचा एक वेढा द्या, सीटच्या खालच्या रेल्सवर क्लॅम्पच्या कडेला मार्करने खूण करा, आणि एक मोठी राइड करून परत बघा. सीटपोस्ट प्रत्येक राइडला दोन-तीन मिलिमीटर खाली बसत असतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, हेडसेटमध्ये (हँडल ज्या बेअरिंगवर फिरतं त्यात) खटखट लागली तर हँडलची अस्वस्थता तिथूनच येत असेल. टायरची हवा बघा, पुढच्या टायरमध्ये हवा कमी असली की सायकल वळायला जड आणि बेभरवशाची वाटते आणि दोष मात्र फ्रेमला दिला जातो.

तिसरं: सीट, बीबीच्या हिशोबाने

हँडल लांब आहे की जवळ याचा निर्णय सीट जागेवर आल्याशिवाय घ्यायचा नाही, हा माझा नियम आहे आणि तो मी मोडू देत नाही. कारण पाय बीबीभोवती फिरतात, सीटची जागा पायांसाठी ठरते, हातांसाठी नाही. हँडल लांब वाटतं म्हणून सीट पुढे ढकलली की हात खूश होतात आणि गुडघे दुखायला लागतात, आणि मग माणूस दोन तक्रारी घेऊन येतो.

उंचीसाठी आधी पायाची आतली लांबी मोजा. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, पाय थोडे फाकवून, एक जाडसर पुस्तक कणा वर करून दोन पायांच्या मध्ये सीटसारखं घट्ट वर दाबायचं, भिंतीला काटकोनात धरून, आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत माप घ्यायचं. त्याला 0.883ने गुणलं की बीबीच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर येतं, हा आकडा टूर द फ्रान्स जिंकलेल्या ग्रेग लेमाँडच्या नावाने ओळखला जातो. आतली लांबी 80 सेंमी असेल तर सीट 70.6 सेंमीवर. हे सुरुवातीचं माप आहे, जाड तळाचे बूट, क्रँकची लांबी, पायाचा पंजा खाली करून चालवायची सवय, या सगळ्याने ते थोडं इकडेतिकडे होतं. पण कोणाची सीट या आकड्यापेक्षा चार-पाच सेंटिमीटरने खाली निघाली तर पुढचं काही बघायची गरज नसते, आधी ती वर घ्या, एकदम नाही, थोडी थोडी करत.

मग मागे-पुढे. यासाठी ओळंबा लागतो, दोऱ्याला नट बांधला तरी चालतो. सायकल सपाट जागेवर सरळ उभी करून सीटच्या पुढच्या टोकावरून दोरा सोडायचा आणि तो बीबीच्या मध्याच्या किती मागे येतो ते मोजायचं. एक सावधगिरी मात्र ठेवा, दोन सायकलींच्या सीट वेगळ्या असतील तर टोकावरून तुलना करू नका, हल्लीच्या आखूड सीट लांब सीटपेक्षा तीन-चार सेंटिमीटर कमी असतात. सीट जिथे साधारण 8 सेंमी रुंद होते ती जागा धरा आणि तिथून मोजा, माणूस खरा बसतो तो त्याच्या आसपास.

इथे सीट ट्यूबचा, म्हणजे त्याच उभ्या नळीचा जमिनीशी होणारा, कोन कामाला येतो. रोड सायकलचा हा कोन साधारण 73 ते 74 अंश असतो, ऐकायला एक अंश म्हणजे काहीच नाही, पण 70 सेंमी उंचीवर एका अंशाने सीट जवळपास 12 मिलिमीटर पुढे किंवा मागे जाते. म्हणजे जुनी 73ची आणि नवी 74ची फ्रेम असेल तर सीट रेल्सवर त्याच खुणेला लावून चालणार नाही, 12 मिमी मागे घ्यावी लागेल. रेल्सवर तेवढी जागा नसेल तर जास्त सेटबॅकचा, म्हणजे सीट जास्त मागे धरणारा, सीटपोस्ट. आणि सीट 10 मिमी मागे घेतली की बीबीपासूनचं अंतर साधारण 3 मिमी वाढतं, तेवढी खाली घ्या, हे विसरतात लोक.

सीटपोस्टवर एक रेघ असते, कमीत कमी एवढा आत पाहिजे अशी. उंची बरोबर आणताना ती रेघ बाहेर दिसायला लागली तर तिथेच थांबायचं, लांब पोस्ट आणायचा. रेघेच्या वर चालवलं तर फ्रेमची उभी नळी तडकते. आणि सीटपोस्ट अडकून बसला असेल, हलतच नसेल, तर हातोडी घेऊ नका आणि पाईप लावून पिळू नका, मेकॅनिककडे न्या, जबरदस्तीत फ्रेम जाते.

चौथं: हँडलकडची बाजू, चार्ट न बघता

सीट जागेवर आली आणि तरी हँडल लांब किंवा जवळ असेल तर आता पुढचे तुकडे मोजा, कारण चार्टमध्ये फक्त फ्रेम असते, तुमचा हात जिथे पडतो तिथपर्यंत मध्ये स्टेम (हँडलला फोर्कशी, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याशी, जोडणारा तुकडा), स्पेसर (स्टेमखालच्या कड्या), हँडल आणि ब्रेकचे हुड एवढं सगळं आहे. स्टेमची लांबी म्हणजे फोर्कच्या नळीच्या मध्यापासून हँडलच्या मध्यापर्यंत, स्टेमच्याच दिशेने. ड्रॉप हँडलचंही स्वतःचं पुढे जाणं असतं, एखादं 70 मिमी पुढे जातं, एखादं 85, नुसतं हँडल बदललं आणि सायकल दीड सेंटिमीटर लांब झाली असं होतं. हँडलच्या रुंदीतही फ्रेमसारखाच घोळ आहे, कोणी मध्य ते मध्य मोजतं, कोणी बाहेरची कड ते बाहेरची कड, त्यात दोनेक सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणून 42 मागवलं आणि अरुंद आलं असं वाटलं तर आधी टेप लावा.

स्टेमखालचे स्पेसर काढून वर ठेवले की हँडल खाली जातं हे सगळ्यांना माहिती असतं, ते पुढेही जातं हे कमी लोकांना माहिती असतं. फोर्कची नळी तिरकी असते, 73 अंशात 30 मिमी स्पेसर काढले तर हँडल जवळपास 29 मिमी खाली आणि 9 मिमी पुढे जातं. 6 अंशांचा 100 मिमीचा स्टेम उलटा करून वर तोंड केला तर हँडल साधारण 20 मिमी वर आणि 6 मिमी जवळ येतं. ही दोन्ही कामं फुकट आहेत, फक्त ॲलन की लागते, म्हणून नवीन स्टेम घ्यायच्या आधी ती करून बघा. क्रम लक्षात ठेवा, आधी स्टेमच्या बाजूचे बोल्ट सैल करायचे आणि मग वरच्या टोपीचा, लावताना आधी टोपीने हेडसेटची खटखट घालवायची आणि मग बाजूचे बोल्ट, स्टेमवर छापलेल्या न्यूटन मीटरपर्यंतच. फोर्कची नळी कार्बनची असेल तर टॉर्क रेंच नसताना हे करू नका, आणि कंपनीने स्पेसरची जी मर्यादा दिलीय तिच्या वर जाऊ नका.

रोड सायकलवर अंतर जुळवायला 60-70 मिमीचा स्टेम लावायची वेळ आली, किंवा 130चाही पुरत नाही, तर समजा की फ्रेमच चुकलीय आणि आता ती मोजायला पाहिजे.

पाचवं: स्टॅक आणि रीच स्वतः मोजा

मला विचाराल तर फ्रेमच्या सगळ्या मापांमध्ये हीच दोन खऱ्या कामाची आहेत. ही जोडी ट्रायथलॉन सायकलींचे डिझायनर डॅन एम्पफील्ड यांनी ट्रायथलॉनच्या सायकलींची तुलना करता यावी म्हणून पुढे आणली आणि आज बहुतेक चार्टमध्ये असते. बीबीच्या मध्यातून एक उभी रेघ आणि हेड ट्यूबच्या (फोर्क जिच्यातून वर येतो त्या पुढच्या आखूड नळीच्या) वरच्या तोंडाच्या मध्यातून एक आडवी रेघ कल्पनेत काढा. बीबीपासून त्या आडव्या रेघेपर्यंत सरळ वर जेवढी उंची तो स्टॅक, आणि तिथून पुढे हेड ट्यूबपर्यंत जेवढं आडवं अंतर तो रीच. यात सीट नाही, सीटपोस्ट नाही, दांडा तिरका आहे की सरळ याचा संबंध नाही, म्हणून कोणत्याही दोन फ्रेम शेजारी ठेवता येतात. मधल्या साईजच्या रोड सायकलचा स्टॅक साधारण 540 ते 570 आणि रीच 380 ते 390 मिमीच्या आसपास असतो.

याच्याआधी लोक वरच्या दांड्याची आडवी लांबी बघायचे, अजूनही बघतात, चार्टमध्ये ती इफेक्टिव्ह टॉप ट्यूब म्हणून असते, हेड ट्यूबच्या वरून जमिनीला समांतर मागे सीटपोस्टच्या मध्यरेषेपर्यंत. माप चांगलंय पण त्यात सीट ट्यूबचा कोन लपलेला असतो. उदाहरण करून बघा. दोन फ्रेम, दोन्हींची ही लांबी 550 आणि स्टॅक 560, पण एकीचा सीट ट्यूबचा कोन 73 आणि दुसरीचा 74.5. पहिलीचा रीच येतो 379 आणि दुसरीचा 395. तुम्ही सीट बीबीच्या हिशोबाने जागेवर लावली की दुसरी सायकल 16 मिमी लांब लागणार, चार्टवर दोघी सारख्या दिसत असूनही. "त्याच नंबरची घेतली तरी बसत नाही"चं हे सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण आहे.

मोजायची पद्धत अशी. सपाट फरशी आणि एक भिंत पाहिजे. फरशीवर पाणसळ ठेवून बघा, हे टाळू नका, कारण फरशीला एका अंशाचा उतार असला तरी रीचमध्ये जवळपास 10 मिमीची चूक येते आणि मग सगळी मेहनत वाया. दोन्ही टायरमध्ये नेहमीची हवा. मागचं टायर भिंतीला टेकवून सायकल अगदी उभी धरायची, कोणीतरी मदतीला घ्या, कलली की मापं बिघडतात. आता चार मापं घ्या, फरशीपासून बीबीच्या मध्यापर्यंत, फरशीपासून हेड ट्यूबच्या वरच्या तोंडापर्यंत, भिंतीपासून बीबीच्या मध्यापर्यंत, आणि भिंतीपासून हेड ट्यूबच्या तोंडाच्या मध्यापर्यंत. उंचीतून उंची वजा केली की स्टॅक, अंतरातून अंतर वजा केलं की रीच. भिंतीपासूनच्या मापांना टेप हवेत लोंबकळते, त्यापेक्षा त्या बिंदूवरून ओळंबा सोडा, फरशीवर खूण करा आणि फरशीवरच मोजा. प्रत्येक माप दोनदा घ्या, 3 मिमीच्या आत जुळलं तर चांगलं मोजलंत.

हेड ट्यूबचं तोंड म्हणजे फ्रेम संपते ती जागा, त्याच्यावरची हेडसेटची टोपी किंवा शंकू धरायचा नाही. बऱ्याच सायकलींवर तो शंकू एक-दीड सेंटिमीटर उंच असतो आणि फ्रेमचाच भाग वाटतो, स्टॅक चार्टपेक्षा नेमका तेवढा जास्त आला तर हेच झालंय.

दोन फ्रेमची तुलना करताना नुसता रीच रीचशी लावू नका. हेड ट्यूब मागे कललेली असल्यामुळे वर जाल तसा रीच कमी होतो, 73 अंशाला दर 10 मिमी उंचीमागे साधारण 3 मिमी. म्हणून 540 स्टॅक आणि 385 रीच असलेल्या फ्रेमवर स्पेसर लावून हँडल 570च्या उंचीला आणलं तर तिचा खरा रीच 376 झाला. समोर 570 आणि 380ची फ्रेम असेल तर आकडा लहान दिसूनही तीच लांब आहे. आधी दोन्ही एका उंचीला आणा, मग लांबी बघा.

सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे जी सायकल अंगाला छान बसते, स्वतःची जुनी, भावाची, मैत्रिणीची, तिचीच ही मापं घ्या आणि शेजारी लिहा. फरक 10 मिमी निघाला तर स्टेम बदलून भागतं. 20च्या वर गेला तर स्टेमने अंतर जुळेल पण सायकलचं वागणं बदलेल, तिथे मी फ्रेम बदलायचाच सल्ला देते, वाईट वाटलं तरी.

माउंटन बाईकवाल्यांसाठी थोडं वेगळं. फोर्क बदलून 100 मिमीचा 120 केला असेल तर पुढची बाजू उचलली जाते, हेड अँगल (हेड ट्यूबचा जमिनीशी कोन) साधारण एक अंशाने कमी होतो, रीच कमी होतो, बीबी वर जातं, म्हणजे तुमची सायकल आता चार्टमधली राहिलेली नाही. आणि सस्पेन्शनवाल्या बऱ्याच फ्रेममध्ये उभी नळी बीबीतून सरळ निघत नाही, वाकवलेली किंवा पुढून सुरू झालेली असते, चार्टमधला इफेक्टिव्ह कोन एका ठरावीक उंचीचा असतो, उंच माणसाने सीट जास्त वर काढली की ती त्या आकड्यापेक्षा बरीच मागे जाते.

सहावं: बसायला ठीक आहे, पण सायकल वागत नाही

हँडल चंचल वाटणं किंवा वळायला जड वाटणं याचा संबंध ट्रेलशी असतो. फोर्कच्या नळीची मध्यरेषा खाली वाढवली तर ती जमिनीला जिथे लागेल आणि टायर जमिनीला जिथे टेकतो, यातलं अंतर म्हणजे ट्रेल. 25 मिमीच्या टायरचं 700सी चाक, 73 अंशाचा हेड अँगल आणि 45 मिमी ऑफसेटचा (चाकाचा आस फोर्कच्या नळीच्या मध्यरेषेपासून तेवढा पुढे असलेला) फोर्क असेल तर तो 56 मिमीच्या आसपास येतो, हेड अँगल 72 केला की 62 होतो. ट्रेल जास्त म्हणजे सरळ जायची ओढ जास्त, कमी म्हणजे पटकन वळते. कोणी फोर्क बदलला असेल तर ऑफसेट आणि उंची दोन्ही जुन्याशी जुळतात का हे बघा, आणि टायर बरेच जाड किंवा बारीक केले असतील तरी फरक पडतो.

कोन फोनच्या ॲपने मोजता येतात पण फोन हेड ट्यूबवर टेकवू नका, ती खाली जाड होत जाते म्हणून कोन खोटा येतो. सायकलचा बाजूने लांबून, झूम करून, चाकाच्या मध्याच्या उंचीवरून फोटो काढा आणि दोन्ही चाकांच्या आसांमधून जाणाऱ्या रेघेशी कोन मोजा. अर्ध्या अंशापर्यंत अंदाज येतो, त्याहून बारीक आकड्यावर विश्वास ठेवू नका.

बुटाचं टोक चाकाला लागणं हे लहान फ्रेमवर 700सी चाक बसवलं की बऱ्याचदा होतंच, फक्त अगदी हळू वळताना लागतं, ते चालतं. पण आधी लागत नव्हतं आणि आता लागायला लागलं तर ताबडतोब पुढच्या पायरीवर या.

सातवं: फ्रेम किंवा फोर्क वाकलाय का

बीबीच्या मध्यापासून पुढच्या चाकाच्या आसापर्यंत मोजा, चार्टमध्ये हे फ्रंट सेंटर म्हणून असतं. चार्टपेक्षा सेंटिमीटरभर कमी आलं तर समोरून बसलेल्या धक्क्यात फोर्क मागे वाकलाय असं धरून चाला. हेड ट्यूबच्या मागे, खालच्या नळीच्या पोटाखाली बोट फिरवा, रंगाला सुरकुती किंवा बारीक फुगवटा लागला तर तीच खूण.

सायकल एका बाजूला ओढत असेल तर मागचं चाक फ्रेमच्या मधोमध आहे का बघा. नसेल, आणि क्विक रिलीजची रिम ब्रेकवाली सायकल असेल, तर चाक काढून उलट बाजूने बसवून बघा, फट दुसऱ्या बाजूला गेली तर दोष चाकाचा, त्याच बाजूला राहिली तर फ्रेमचा. दुसरी तपासणी दोऱ्याची, मागचं चाक काढून एका ड्रॉपआउटपासून (चाकाचा आस बसतो त्या खाचेपासून) दोरा हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून बांधायचा आणि उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. एक-दोन मिलिमीटरचा फरक मोजण्यातलाच असतो, त्याहून जास्त आला तर मागचा त्रिकोण सरकलाय. उभी नळी मुळातच एका बाजूला फुगवलेली असेल अशा फ्रेमवर ही तपासणी धरू नका.

इथून पुढे हात लावायचा नाही. स्टीलची फ्रेम सरळ करता येते, पण ती गेज आणि सवय असलेल्या फ्रेम बनवणाऱ्याकडे. ॲल्युमिनियम वाकलं असेल तर परत वाकवायचं नाही. कार्बनला तडा, मऊ जागा, टिचकी मारल्यावर बसका आवाज, काहीही शंका आली तर सायकल चालवणं बंद, जाणकाराने तपासेपर्यंत. वाकलेल्या फोर्कवर "हळू चालवतो" हा उपाय होत नाही, तो सांगून तुटत नाही.

आणि शरीराचं म्हणाल तर, सगळी मापं जुळली तरी दुखणं दोन-तीन आठवड्यांत कमी होत नसेल, किंवा एकाच बाजूला दुखत असेल, तर चांगल्या बाईक फिटरकडे जा, एक पाय आखूड असणं, कंबर कललेली असणं हे टेपने दिसत नाही. बोटांचा किंवा खालच्या भागाचा बधिरपणा सायकलवरून उतरल्यावरही राहत असेल, गुडघा सुजत असेल, तर आधी डॉक्टर, सायकल नंतर.

फिटरकडे किंवा मेकॅनिककडे जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: सायकलचं मॉडेल आणि वर्ष, मोजलेला स्टॅक आणि रीच, बीबीपासून सीटची उंची, ओळंब्याने सीट किती मागे, स्टेमची लांबी, खाली किती स्पेसर आहेत, क्रँकची लांबी (ती क्रँकच्या आतल्या बाजूला छापलेली असते), आणि कुठे, किती वेळाने दुखायला लागतं. आणि यातलं काही बदललंत तर एका वेळी एकच बदला, दोन-तीन राइड जाऊ द्या आणि नवीन माप तारखेसकट त्याच कागदावर लिहा.